रांगेतली कळशी

दाणेगल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा नळाला पाणी होतं. जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानांच्या मागं ही गल्ली. एका तोंडाला तुरीच्या पोत्यांचा वास, दुसऱ्या तोंडाला बंद पडलेली डाळ मिल. मधे समोरासमोर घरं, इतकी जवळ की आपल्या ओट्यावर बसून समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी हळू आवाजात बोलता यायचं. कोणाकडं आज पिठलं झालंय, कोणाच्या घरात अबोला चाललाय, हे कोणाला सांगावं लागत नसे.

मी एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत होतो. दाण्यांतला ओलावा मोजायचा, हे माझं काम. यंत्रात दाणे टाकायचे आणि काटा कुठवर सरकतो ते पाहायचं. दाणा कितीही सुकलेला दिसला तरी त्यात थोडं पाणी असतंच. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणत नाही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले आणि टँकर सुरू झाला. रांग माणसांची नसायची, भांड्यांची असायची. सकाळी आपापले हंडे लावून बायका सावलीला बसत. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, एवढं गल्लीत सगळे पाळत.

ती कळशी रांगेत कधीपासून लागायला लागली ते कोणालाच आठवत नाही. निळ्या-केशरी प्लास्टिकच्या हंड्यांमधे ती एकटीच पितळेची. बुटकी, काठाशी काळवंडलेली, पोटाला पोचा आलेला. माझ्या बायकोला, बेबीनंदाला, वाटायचं ती समोरच्या पुष्पाबाईंची. पुष्पाबाईंना वाटायचं आमची. टँकरवाला कडूबा ओळीनं नळी फिरवत जायचा, तीही भरायचा. मग जो तो आपलं भांडं उचलायच्या घाईत. गल्ली मोकळी झाली की कळशीही नसायची.

आमच्या भिंतीला भिंत लागून सगुणाबाईंचं घर. मूळच्या भोकरदनकडच्या, शेतीवाडीच्या घरातल्या. मालक गेल्यावर मुलाकडं आल्या. मुलगा संपत लोखंडाच्या मिलमधे कामाला. आम्ही नवीन आलो तेव्हा गल्लीनं आधी आमचं आडनाव विचारलं होतं आणि मग दारं ओढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई आल्या, आमच्या उंबऱ्यावर सगळ्यांना दिसेल अशा बसल्या आणि म्हणाल्या, "बेबी, तांब्याभर पाणी दे माय." घटाघटा प्यायल्या. त्यानंतर आम्हाला कोणी काही विचारलं नाही. म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

मे महिन्यात एकदा टँकर अर्धाच भरून आला. संपत तापानं फणफणलेला, घरात घोटभर पाणी नाही. कळशी भरली आणि नळी फुसफुसायला लागली. कळशीच्या मागं सगुणाबाईंचा हंडा होता.

"कोणाची हाय ही?" त्या ओरडल्या. "बोला की! रोज भरून राह्यली, धनी कोण हाय हिचा?"

त्यांनी कळशी उचलली आणि आपल्या हंड्यात उपडी केली.

"मावशी, राहू द्या. आमच्यातलं देतो," मी म्हणालो.

"तुझं कशाला, देवा? ज्याची आसंल ती येईल मागायला." रिकामी कळशीही त्या घरी घेऊन गेल्या.

मागायला कोणी आलं नाही.

संपतचा ताप उतरला. पण सगुणाबाईंच्या घरात पाणी टिकेना. सकाळी भरलेला ड्रम दुपारी रिकामा. संपतनं ड्रम बदलला, मग माठ आणला. खाली ओल नाही, फरशीवर धूळ जशीच्या तशी. पिठात पाणी घातलं तर पीठ हाताखाली पुन्हा कोरडं व्हायचं. बरणीतलं लिंबाचं लोणचं त्यांनी मला दाखवलं. वाळलेल्या पाल्यासारखं ते बोटांत चुरलं.

मी त्यांच्या डब्यातली मूठभर ज्वारी कंपनीत नेली. काटा हलला नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून आमच्या घरची ज्वारी टाकली, तर काटा बरोबर सरकला. मग त्यांची ज्वारी दळून, वजन करून ओव्हनमधे ठेवली. बाहेर काढून पुन्हा वजन केलं. तेवढंच भरलं. जायला त्यात काही नव्हतंच. साहेबांना मी हे सांगितलं नाही.

सगुणाबाई आमच्याकडं येऊन पाणी पिऊ लागल्या. तांब्यामागून तांब्या. ओठ फुटलेले, जीभ पांढरी. दवाखान्यात सलाइन लावलं, डॉक्टरांनी उन्हाचा त्रास म्हणून घरी पाठवलं. एका दुपारी तांब्या खाली ठेवत त्या बेबीनंदाला म्हणाल्या, "पाणी पोटात जाऊनच न्हाई राह्यलं, बेबी. मधीच कोणीतरी पिऊन राह्यलं."

बेबीनंदानं माझ्याकडं पाहिलं. "मावशी, ती कळशी कुठंय?"

कळशी त्यांच्या मागच्या खोलीत होती, पालथी घातलेली. मी ती उचलली. सगळ्या घरात तेवढीच जागा ओली होती. फरशीवर काठाएवढं गोल, त्यात हिरवं शेवाळ धरलेलं. वास जुन्या आडासारखा.

पुढच्या टँकरला सगुणाबाईंनी कळशी सगळ्यांच्या पुढं ठेवली. कडूबानं ती भरली. बायकांनी आपापले हंडे उचलले आणि एकेक दार लागलं. रस्त्यावर ऊन, कळशी आणि तिच्याशेजारी मांडी घालून सगुणाबाई.

"घरात चला, मावशी. ऊन लागंल," बेबीनंदा म्हणाली.

"न्हाई. जिची हाय तिला सांगायचंय मला, चुकले म्हणून."

मी आमच्या ओट्यावर बसून राहिलो. कुत्रं नाही, पाखरू नाही. समोरच्या पत्र्यावरून वाफा निघत होत्या. डोळ्यांत घाम गेला म्हणून मी बाहीनं चेहरा पुसला. तेवढंच.

कळशी नव्हती.

सगुणाबाई तशाच बसल्या होत्या. जवळ गेलो. मातीवर ओल्या पावलाचा ठसा वगैरे काही नव्हतं.

"आल्ती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आपल्याच गल्लीतली हाय. तहानेनं मेलेली."

त्या दिवसापासून त्यांच्या घरात पाणी राहू लागलं. पीठ मळलं जाऊ लागलं, ड्रमला हात लावला तर गार लागायचा. आणि सगुणाबाईंनी पाणी मागणं सोडलं. बेबीनंदानं तांब्या पुढं केला की मान हलवायच्या, "तहान न्हाई माय." चहाही नको. ओठ मात्र बरे झाले, चेहरा टवटवीत दिसू लागला. संपतला वाटलं, आई बरी झाली. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

पाऊस झाला. नळ आले, टँकर बंद पडला, हंडे माळ्यावर गेले.

श्रावणात सगुणाबाईंनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्या हाकेला ओ देईनात, संपत मिलमधे होता. त्याला निरोप धाडला आणि मी नाक्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आलो. बेबीनंदा उशाशी बसून चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी घालत होती. डॉक्टरांनी मनगट धरलं, छाती तपासली, डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं.

"अर्धा तास तरी झाला असेल जाऊन," ते म्हणाले आणि बॅग उचलून निघाले.

मी बेबीनंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "बेबी, बस झालं आता."

ती थांबली नाही. एक चमचा. आणखी एक.

मी उशीकडं पाहिलं. उशी कोरडी होती. हनुवटी कोरडी होती.

बेबीनंदानं मान वर केली नाही. रिकामा तांब्या तेवढा माझ्यापुढं धरला.