डाव्या अंगठ्याचा खटका

आपल्याच दुकानातला माल गिऱ्हाइकानं घेऊ नये म्हणून झटणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? तिनंही पाहिला नव्हता. त्यामुळे त्या शनिवारी दुपारी तो समोर उभा राहून “हे नका घेऊ, मॅडम,” म्हणाला, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की इथं कुठेतरी पाणी मुरतंय.

खरं तर ती या दुकानात येणारच नव्हती. पलीकडचं मोठं दुकान बंद निघालं, त्यात भुरभुर पाऊस सुरू झाला, आणि ती छत्री झटकत दिसेल त्या दारात शिरली. आत रबराचा, तेलाचा आणि नव्या पुठ्ठ्याचा वास होता. मधोमध तो फरशीवर मांडी घालून बसला होता, हातात एक उलटं चाक, ओठांत दोन स्क्रू. तिला पाहून असा धडपडत उठला की स्क्रू गिळतोय की काय, असं तिला वाटलं.

“गवत कापायचं मशीन हवंय,” ती म्हणाली. “बॅटरीवरचं. वायर नको, पेट्रोल नको, आणि ढकलावंही लागायला नको. आपलं आपण चालणारं.”

“कुठल्या लॉनसाठी?”

“वाचनालयामागच्या.”

त्याचा हात जागच्या जागी थांबला. जेमतेम क्षणभर. मग त्यानं कोपऱ्यातलं एक बुटकं, करडं मशीन पुढे ओढलं.

“आणि ते?” तिनं काचेजवळच्या लाल मशीनकडे बोट दाखवलं. पातं रुंद, बॅटरी दुप्पट, तकतकीत नवं.

“हे नका घेऊ, मॅडम. याचा खटका कडक आहे. लांब चालवायला बरा नाही.”

आता तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती विमा कंपनीत दावे तपासायची. ऑफिसात पाठीमागे तिला ‘चाळणी’ म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं, कारण तेही तिनं शोधून काढलं होतं. तिची एक पद्धत होती. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायचा. खरं सांगणाऱ्याचं उत्तर दर वेळी जरा निराळं येतं. आज त्याला आधी आवाज आठवतो, उद्या आधी धूर. बनवून आणलेलं उत्तर मात्र शब्दाला शब्द तेच. याच पद्धतीनं तिनं स्वतःचं ठरलेलं लग्नही मोडलं होतं, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. म्हणजे, फार नाही.

मशीन हवं होतं तिच्या बाबांसाठी. बाबा वाचनालयाचे माळी. इमारतीमागे उतारावर पसरलेली हिरवळ त्यांनी सव्वीस वर्षं राखली होती, आणि लोक पुस्तकं घेऊन तिच्यावर पालथे पडून वाचत. पण जुनं पेट्रोलचं मशीन इतकं ओरडायचं की आतले वाचक खिडक्या लावून घेत. शेवटी चिटणीसांनी कागद दिला: माळ्यानं स्वतःला झेपेल असं, आवाज न करणारं मशीन महिनाअखेरपर्यंत सुचवावं आणि सगळी हिरवळ त्यावर कापून दाखवावी, नाहीतर पुढच्या महिन्यापासून काम कंत्राटदाराकडे. बाबांकडे मग उरणार होत्या दारातल्या आठ कुंड्या. आई गेल्यावर बाबा दोन महिने घरी बसले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत, रस्त्याकडे बघत, एक शब्द न बोलता. हिरवळीनंच त्यांना त्या खुर्चीतून उठवलं होतं, आणि ते पुन्हा तिथं जाऊन बसलेले तिला बघवणार नव्हते.

“बाबा, पातं रुंद हवं की वजन हलकं?” तिनं त्या संध्याकाळी विचारलं.

“तू ठरवशील ते,” बाबा म्हणाले आणि मधाची बाटली तिच्यापुढे सरकवली. “एवढं झाकण उघड गं.”

तिनं उघडलं. डोक्यात अजून तो दुकानातला माणूस होता. वाचनालयाचं नाव ऐकून त्याचा हात का थांबला होता?

मंगळवारी ती कागदावर दोन रकाने आखून पुन्हा दुकानात हजर झाली.

“परत आलात,” तो म्हणाला. आवाजात आनंद होता, आणि तिनं तो नोंदवून ठेवला.

“लाल मशीन का नको?”

“याचा खटका कडक आहे. लांब चालवायला बरा नाही.”

दोन झाले. शब्दाला शब्द.

“मालक तर तेच घ्या म्हणतायत.”

“म्हणतोयच मुळी,” गल्ल्यावरून त्याचे मामा म्हणाले. दुकान त्यांचं. “ताई, हा आमचा भाचा. मशीन दुरुस्त करावं तर यानंच, पण विकायला उभा केला की दुकानाचं वाटोळं.”

“मामा, तुम्ही नका ना मध्ये पडू.” मग तिच्याकडे वळून म्हणाला, “चालवून बघा एकदा. मागे जागा आहे.”

मागच्या अंगणात गवत ओलं होतं. त्यानं करडं मशीन सुरू केलं, पंख्याइतकाच आवाज.

“ही आडवी पट्टी धरून ठेवायची. ती सोडली की पातं बंद. हलकी आहे, एका हातानं राहते. आणि इथं तळवा टेकवा. दाबायचं काही नाही, जरासं पुढे रेटलं की चाकं आपोआप फिरतात. तुम्ही चालाल तसं ते चालेल.”

ती सावकाश निघाली, मशीनही सावकाश. तिनं पाय उचलला, तेही झपझप. तो शेजारून चालत होता, हात मागे बांधून.

“भलतंच ऐकणारं आहे हो,” ती म्हणाली. “तुमचंही ऐकतं?”

“आम्ही फारसं बोलत नाही एकमेकांशी.”

“माझ्याशी तर बरंच बोलताय.”

“तुम्ही विचारता. मला… फारसं कुणी काही विचारत नाही. मशीन टाकतात आणि कधी मिळेल एवढंच.”

तिची पावलं गवताच्या कातरणानं भरली होती. त्यानं खिशातून रुमाल काढून पुढे केला, नजर भलतीकडेच ठेवून. रुमालाला कडक इस्त्री होती. दिवसभर तेलात हात घालणाऱ्याच्या खिशात इस्त्रीचा रुमाल?

“हा रोज असतो का खिशात?”

“नाही,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. “शनिवारपासून आहे.”

घरी जाताना ती उगाचच हसत होती. चौकात पोचेपर्यंत तिनं स्वतःला चांगलं खडसावलं. गोड बोलणारी माणसं तिनं काय कमी पाहिली होती? त्या करड्या मशीनच्या कंपनीकडून याला नक्कीच काहीतरी मिळत असणार. तरीही गुरुवारी दुकानात जाताना तिनं कानातली बदलली, आणि ती का बदलली, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

“लाल का नको?” तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मनातून तिला फार वाटत होतं, की आज तरी यानं काहीतरी वेगळं बोलावं.

त्यानं पाना खाली ठेवला. तिच्याकडे बघितलं, खाली बघितलं. “याचा खटका कडक आहे… लांब चालवायला बरा नाही.”

तिला राग आला. हा माणूस खोटं बोलतोय याचा आला, आणि त्याचं आपल्याला इतकं लागतंय याचा त्याहून जास्त आला.

“रविवारी सकाळी दोन्ही मशीनं वाचनालयात घेऊन या. माझे बाबा दोन्ही चालवून बघतील. मग कळेलच काय ते.”

त्याचा चेहरा उतरला. “लाल नको आणायला.”

“कारण?”

“याचा ख—”

“पाठ आहे मला आता,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

रविवारी वाचनालय बंद होतं. पाऊस नुकताच थांबलेला, उतारावर ऊन पडलं होतं. त्यानं टेम्पोतून दोन्ही मशीनं उतरवली आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी त्याच्याकडे. ती काही परक्या माणसांची नजर नव्हती.

“तुम्ही ओळखता एकमेकांना?”

“जुनं मशीन दुरुस्तीला न्यायचो ना,” बाबा म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

म्हणजे असं आहे तर. भोळ्या बाबांना यानं आधीच गुंडाळून ठेवलंय. आता तिला सगळं लख्ख दिसलं.

“बाबा, आधी लाल चालवा.”

“मॅडम, नको,” तो पुढे झाला. “खरंच नको. माझं ऐका.”

“तुम्ही बाजूला व्हा.”

बाबांनी मान ताठ केली, पट्टी धरली, डाव्या अंगठ्यानं चाकांचा खटका दाबला आणि निघाले. वीस पावलं मशीन झोकात गेलं. तिनं विजयानं त्याच्याकडे बघितलं; तो तिच्याकडे बघतच नव्हता. चढ लागला आणि मशीन थांबलं. पुन्हा चाललं, चार पावलांवर पुन्हा थांबलं. मग बाबा त्यांच्याकडे पाठ करून नुसते उभे राहिले. पातं जागच्या जागी फिरत होतं.

“बाबा?”

ती उताराकडे निघाली.

तिच्या आधी तो धावला. त्यानं मशीन बंद केलं आणि बाबांचा डावा हात अलगद आपल्या हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाला अजिबात धक्का न लावता. कुठं धरायचं आणि कुठं नाही, हे त्याला नीट माहीत होतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“सांधा झिजलाय,” बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. “चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, काम करा, पण अंगठ्यानं दाबून धरायचं काही करू नका. मशीन दुरुस्तीला टाकताना यानं माझा हात बघितला आणि ओळखलं. मीच शब्द घेतला त्याच्याकडून, घरी कळू द्यायचं नाही म्हणून. तुला कळलं असतं तर तू मला हिरवळीवर पाऊल ठेवू दिलं असतंस का?”

चार महिने ती बाबांच्या बाटल्यांची झाकणं उघडत होती. बाबांनी नाडीचे बूट सोडून चपला घातल्या, तेव्हा बऱ्या दिसतात म्हणाली होती. जगाची लबाडी पकडणाऱ्या बाईला स्वतःच्या बापाचा हात दिसला नव्हता, आणि आज तिनंच तो हात त्या खटक्यावर ठेवला होता. तिला इतकी लाज वाटली की तिथंच ओल्या गवतात खाली बसावंसं वाटलं.

“चिटणीसांना सांगणार का गं?” बाबांनी विचारलं. परवानगी मागावी तसं.

“सांगणार,” ती म्हणाली. बाबांचा चेहरा पडला तेव्हा तिनं त्यांचा दंड धरला. “अंगठ्याचंही सांगणार आणि मशीनचंही. त्यांच्याच कागदात लिहिलंय, माळ्याला झेपेल असं. आधी करड्यावर सगळा उतार कापून दाखवा मला. जमलं, तर उद्या मी तुमच्याबरोबर जाऊन त्यांच्याशी बोलते. बघू कोण कंत्राटदार येतोय.”

बाबांनी उजव्या हातानं पट्टी धरली, डावा तळवा दांड्यावर नुसता टेकवला आणि पुढे रेटलं. करडं मशीन चढाला लागलं. थांबलं नाही. वरच्या टोकाला बाबा वळले, दुसरा पट्टा सुरू केला, मग तिसरा. चौथ्या पट्ट्याला ते शीळ घालत होते. आई गेल्यापासून तिनं ती ऐकली नव्हती. ती रडली, आणि तो शेजारी उभा असूनही डोळे पुसायची घाई तिनं केली नाही.

“तुम्ही मला खोटारडे वाटलात,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “माझं चुकलं. पण दर वेळी तेच वाक्य कशाला? दुसरं काही सुचलं नाही?”

“भीती वाटायची. एक शब्द इकडचा तिकडे केला असता, तर सगळंच बोलून गेलो असतो.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे… बाबांचं.” त्यानं टेम्पोच्या फळीवरचं नसलेलं गवत झटकलं. “आणि माझंही.”

“तुमचं काय?”

“तुम्ही दुकानाची पायरी उतरता, तेव्हा मी मोजत बसतो, आता परत किती दिवसांनी येतील. मामा मशीन उघडायला सांगतात आणि मी भलतंच उघडून ठेवतो. तुम्ही माझ्यावर संशय घेताय हेही कळत होतं. तरी वाटायचं, घेऊ दे संशय, पण येऊ दे.”

वरून मशीनचा बारीक आवाज येत होता. तिनं जे खरं होतं ते सांगून टाकलं.

“हे बघा, मला संशय घ्यायची सवय आहे. ऑफिसातून घरी आले तरी जात नाही. लग्नानंतरसुद्धा जायची नाही, आत्ताच सांगून ठेवते.”

तो तिच्याकडे बघत राहिला.

“लग्न?” तो हळूच म्हणाला. “मी… चहाला याल का, एवढंच विचारणार होतो.”

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आपल्या तोंडून काय निघून गेलं हे तिला आत्ता कळलं होतं, आणि परत घ्यायला आता फार उशीर झाला होता. बोटांच्या फटीतून तिनं बघितलं, तर त्याचे कान पुन्हा लाल झाले होते आणि तो असा हसत होता, की तो काही ते शब्द परत देणाऱ्यातला नाही, हे दिसतच होतं.

“मग विचारा की,” ती म्हणाली.

त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. चहाला की लग्नाला, हे तिनं एकदाही विचारून घेतलं नाही.