शेवटच्या वेलीचे दोन हात

जानेवारीत फ्रान्समधल्या व्हिएन नदीवरून धुकं उठतं आणि शिनों गावाच्या चढावरच्या द्राक्षमळ्यांत दिवस दिवस मुक्काम ठोकतं. तशाच एका सकाळी सिदोनी छाटणीला निघाली. कमरेला कात्री, पुढ्यात एकचाकी ढकलगाडी. गाडीवर पत्र्याचं अर्धं पिंप. छाटलेल्या काड्या त्यातच जाळायच्या, बोटं शेकायची, पुढं सरकायचं. चाक कुरकुरत होतं. तेल घालतो, असं तिचा नवरा फिर्मां दर हिवाळ्यात म्हणायचा. तीस वर्षांत घातलं नाही.

आणि आता फिर्मांच नव्हता. नोव्हेंबरात ती बाजाराला गेली आणि परतली, तेव्हा तो वाइनच्या तळघरात पिंपाला टेकून बसला होता, थंडगार. सकाळी निघताना ती त्याच्यावर खेकसली होती, "चिखलाचे बूट घरात आणशील तर बघ!" तेच शेवटचं बोलणं. ते वाक्य पुसायला तो एकदा, फक्त एकदा, समोर यायला हवा होता. माणूस गेल्यावर लोक त्याच्या आठवणी काढतात; उरलेलं वाक्य कोणी परत घेऊ देत नाही.

मळा लहानसा, एकेचाळीस ओळींचा. सगळी काबर्ने फ्रां. गावात मात्र त्या द्राक्षाला ब्रतोंच म्हणतात. दोघं दरवर्षी दोन टोकांनी छाटत यायचे आणि मधल्या ओळीतल्या एका जुन्या वेलीपाशी भेटायचे. वेलीच्या दोन बाजूंना पसरलेल्या दोन जाड फांद्या, म्हणजे तिचे हात; एक तो छाटायचा, दुसरा सिदोनी. प्रत्येक हातावर पुढल्या वर्षासाठी दोन डोळ्यांचा खुंट राखायचा, हा नियम. डोळ्यातूनच नवी फूट येते; डोळा नाही, तर त्या हाताला पुढलं वर्ष नाही. गेल्या हिवाळ्यात फिर्मांनं आपल्या बाजूला एकही डोळा ठेवला नव्हता.

"म्हातारा झालास," ती हसली होती.

"विसरलो खरा," तोही हसत म्हणाला होता. छाटणीत तो कधी काही विसरत नसे.

सिदोनीनं खालच्या टोकानं सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी बांधावरून शेजारच्या आन्सेल्मची हाक आली.

"वरच्या अंगाला कोणाला लावलंयस गं? मला विचारायचं तरी! जेवणावर आलो असतो."

"तुझं जेवण मजुरीपेक्षा महाग पडतं. आणि मी कोणाला लावलेलं नाही. सकाळीच बाटली उघडलीस का?"

"न्याहारीनंतर उघडली. पण वरच्या तीन ओळी झाल्यात, सिदोनी. चल, बघ."

ती गेली. तीन ओळी स्वच्छ छाटलेल्या. माणसाचं अक्षर ओळखावं तसा त्या गावात काप ओळखतात. हे काप उलट्या अंगाला उतरलेले, डावखुऱ्याचे. त्या चढावर डावखुरा एकच होता.

"हा तर…" आन्सेल्मनं टोपी काढली.

"बोलू नकोस."

फिर्मांची कात्री तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या शवपेटीत ठेवली होती.

त्यानंतर ती जितकं छाटे, तितकंच वरून छाटलं जाई. धुक्यात वरून काड्यांच्या धुराचा वास येई. चाक कुरकुरे… तिची गाडी शेजारी स्तब्ध उभी असताना. ती धावत वर जाई. वर कोणी नसे. नुकत्याच कापलेल्या फांद्यांचा ओला, हिरवा वास तेवढा असे.

सोळाव्या ओळीला तिच्या मनात आलं, ओळी संपल्या की हेही संपेल. तिनं कात्री खुंटीला टांगली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. वरचा धूरही थांबला.

"वेड लागलंय का?" आन्सेल्म दारात येऊन ओरडला. "फेब्रुवारी सरत आला. रस चढला की कापलेल्या वेली रडत बसतात. फिर्मांच्या वेलींचे असे हाल करतेस?"

"संपलं की तो जाईल रे…"

आन्सेल्मनं खुंटीवरच्या कात्रीकडे बोट केलं. "आणि तू थांबलीस, म्हणून आला का?"

दुसऱ्या दिवशी तिनं कात्री उतरवली.

मधली ओळ आली त्या दिवशी कडाक्याचं दहिवर पडलं होतं. धुक्यात चार पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. ती एका टोकानं निघाली आणि दुसऱ्या टोकाला कात्री वाजू लागली. कच्. कच्. तिचा एक काप, त्याचा एक. अंतर कमी होत गेलं. दहा वेली. पाच. आता धुक्यापलीकडून धाप ऐकू येत होती, चढावर त्याला नेहमी लागायची तशी.

"फिर्मां…" तिनं हाक मारली. "बूट कसेही असू देत. तसाच ये घरात."

कात्री थांबली.

ती पुढं धावली. जुन्या वेलीपाशी कोणी नव्हतं. वेलीचा त्याच्या बाजूचा हात गेल्या वर्षीसारखाच बोडका. वेलीचा आपल्या बाजूचा हात छाटायला तिनं कात्री उघडली आणि तशीच धरून राहिली.

तिच्या बाजूचा हातही आधीच छाटलेला होता. काप उलट्या अंगाला उतरलेला. एवढ्या थंडीत त्यातून रस ठिबकत होता. आणि त्या हातावर एकही डोळा राखलेला नव्हता.

ती बघत राहिली. भीती वाटायला हवी होती. तिला आठवलं ते त्याचं हसू, 'विसरलो खरा' म्हणतानाचं.

मग खाली, घराच्या दिशेला, चाक कुरकुरत उतरू लागलं. तिची गाडी तिच्या शेजारीच होती.

सिदोनी सावकाश घरी आली. दार उघडं होतं. उंबऱ्यावर चिखलाच्या बुटांचे ठसे होते, ओले, आत गेलेले. बाहेर आलेला एकही नव्हता.

आपले बूट न काढताच ती आत गेली आणि दार लावून घेतलं.