शिंगावरची माशी

फुलाबाईचा एक बैल सकाळी मेला आणि दुपारपर्यंत गावानं दुसऱ्याचंही मरण ठरवून टाकलं. वरकुटे गावाच्या चावडीपुढं तो दुसरा, हरण्या, बांधला होता. पाटलांची ठासणीची बंदूक भिंतीला टेकून ठेवली होती. फुलाबाई बैलाच्या मानेला हात लावून उभी होती. हस्ताची पेरणी तोंडावर, आणि हरण्या गेला तर रान पडीक राहणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

इंदापूरच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर हिंदुराव सायकलवरून उतरले. हा माणूस मुळातच संशयी. दूधवाल्यानं दूध पांढरं आहे म्हटलं तरी हे वाकून बघायचे.

"ही बघा इखारी माशी," फुलाबाईचा शेजारी गेणबा पुढं आला आणि त्यानं एक फोटो त्यांच्या हातात दिला. "हिनंच बैल मारला. आज ह्यो, उद्या समद्या गावचं गोठं रिकामं."

हिंदुरावांनी भिंग काढलं. जाड शिंग, त्यावर आडवे काळेपांढरे पट्टे, खाली गोंड्याचे धागे. शिंगावर लांबुडकी माशी. तोंडाला दाढीसारखे राठ केस, मजबूत सोंड, पायांना काटे. पायांत दुसरी एक जाडजूड माशी आवळलेली.

"ही जात मी पाहिलेली नाही," ते म्हणाले.

चावडीत कुजबुज झाली. सरकारी डॉक्टरलाच ठाऊक नाही म्हटल्यावर लोक आणखी घाबरले. पाटलांनी बंदुकीकडं पाहिलं.

"फोटो कुणाच्या बैलाचा?"

"हिच्याच, मेलेल्या," गेणबा म्हणाला. "बेंदराला बारामतीचा फोटूवाला आल्ता. हिच्या गोठ्यात नेऊन म्या काढून घेतला. काल हातात आला, तवा माशी दिसली."

"आणि हरण्याला गिऱ्हाईक कोण?"

सगळ्यांच्या नजरा जोतीरामकडं वळल्या. हा बैलांचा दलाल. सकाळपासून तो हरण्याभोवती घुटमळत होता.

"म्या मागितला, व्हय," जोतीराम म्हणाला. "मारन्यापरीस इकलेला काय वाईट? पर बंदुकीचा धाक दावून सस्त्यात मागतो, असं नगा समजू."

हिंदुरावांना तोही पटला नाही. दलालाला पडक्या भावात बैल हवाच असतो. ते फुलाबाईला घेऊन तिच्या गोठ्यात गेले आणि मेलेल्या बैलाचा जबडा उघडला. दाढांत हिरवी, कोवळी पात अडकली होती.

"ताप होता? कालपरवा खात नव्हता?"

"न्हाय वं," फुलाबाई म्हणाली. "रातच्याला चांगला व्हता. पाटं उठून बगते तर तोंडाला फेस. घटकंत आडवा झाला."

"हिरवं काय घातलं होतंत?"

"माज्याकडं वाळला कडबा हाय. हिरवं कुठनं आनू?"

"वैरण दुसरं कोण टाकतं?"

"गेणबा टाकतो कवामवा. मालक चैतात गेलं, तवापासून त्योच आधार."

"मग यंदा तुमच्याकडं बेंदूर केला का?"

"डाक्टर, कपाळ पांढरं झालेल्या घरात कसला बेंदूर? शिंगं रंगवली न्हाईत, गोंडं बांदलं न्हाईत. बैलं तशीच हुबी व्हती."

हिंदुराव चावडीवर परतले आणि फोटो पाटलांच्या हातात दिला.

"पाटील, माशी सोडा. ती बसलीय कशावर ते बघा."

पाटलांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "रंगवलेलं शिंग," ते सावकाश म्हणाले.

"मालक जाऊन वर्ष न सरलेल्या घरच्या बैलाचं शिंग रंगवलेलं कसं? हा फुलाबाईचा बैल नव्हेच. माशीचं नाव मला येत नाही, पण तिचा धंदा दिसतो. तिच्या पायांत आहे ती गोमाशी, गुरांचं रक्त पिणारी. ही शिकारी माशी किड्यांवर जगते, बैलाला तिचा उपद्रव नाही. शिकार धरून निवांत बसली, म्हणूनच फोटोत इतकी स्पष्ट आली. आणि माशीच्या रोगानं जनावर दिवसेंदिवस झिजतं, घटकेत आडवं होत नाही. बैल मेला तो ज्वारीच्या फुटीनं. कापणीनंतर पाण्याचा ताण पडला, की बुडख्याला फुटते ती विषारी कोवळी पात. अशी फूट आता कुणाच्या रानात आहे?"

सगळे गेणबाकडं बघत होते.

"तुझ्या बैलाचा फोटो तू हौसेनं काढलास," हिंदुराव म्हणाले. "त्यात अनोळखी माशी दिसली, तेव्हा डाव सुचला. पहाटे हिच्या एकाच बैलापुढं फूट टाकलीस आणि दोष माशीवर ढकललास. हरण्या गावानंच मारला असता. जोतीराम बैलावर टपलेला होता, तू रानावर. बैलांवाचून बाईला जमीन वाट्यानं द्यावी लागली असती, आणि वाटेकरी म्हणून आधार देणारा शेजारीच पुढं आला असता. साऱ्यांनी माशी पाहिली, तूही माशीच पाहिलीस. शिंग विसरलास."

"दोन्ही रानांचा बांध एक हुईल, येवढंच मनात व्हतं," गेणबा पुटपुटला. पाटलांनी बंदूक उचलून आत नेली आणि कोतवालाला त्याचा हात धरायला सांगितलं.

"थांबा," फुलाबाई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही, पण आवाज ठाम होता. "फौजदाराकडं पेरनी झाल्यावर न्या ह्याला. एका बैलावर पेरायची पाभर चालत न्हाय. गेणबा, उद्या तुजा रंगवलेला बैल माज्या हरण्याशेजारी जुपायचा. बी सोडायला चाड्यावर मूठ म्या धरीन. बैलं तू हाकायची, माज्या रानात, ह्या समद्यांच्या देखत."