त्यांच्या वतीने

अहमदपुरात एसटी स्टँडच्या मागं वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, इंग्लंडातल्या एखाद्या म्हाताऱ्या नटाचा नाहीतर नटीचा सत्कार व्हायचा, असं सांगितलं तर लातूरचे लोक अजून हसतात. आनंदराज सोनकांबळे सरांनी कॉलेजात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. जुने इंग्रजी चित्रपट आणि मालिका यांच्या सीड्यांनी त्यांचं एक अख्खं कपाट भरलं होतं. हसणाऱ्यांना ते एवढंच म्हणत, "मेल्यावर हार सगळेच घालतात. माणूस जिवंत आहे तोवर शाल द्या की."

पहिला सत्कार नोरा ॲशकम यांचा. वय एकोणनव्वद, साठ वर्षांची कारकीर्द. पडद्यावर त्यांचे तीन-चार प्रसंग झाले, सरांचं भाषण झालं, आणि शाल-श्रीफळाची वेळ आल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की सत्कारमूर्ती लंडनला आहेत. पण आपल्याकडं याला तोडगा ठरलेला आहे. सत्कारमूर्ती हजर नसले तर घरचं कुणीतरी उठतं आणि त्यांच्या वतीनं शाल घेतं. सूत्रसंचालन करणारे श्रीमंतराव हे खंडाळीचे शेतकरी, माइक हातात आला की सोडत नसत.

"नोराबाईचं घरचं हितं कोण न्हाई," ते म्हणाले, "तवा त्यांच्या वतीनं आपल्या महामायाबाईंनी सत्कार स्वीकारावा."

सरांच्या पत्नी महामायाबाई लाजून हसल्या आणि उठल्या. चाकूरच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं, पण त्यांच्या खांद्यावर शाल पडली ती ही पहिलीच.

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. डावा पाय त्या जपून टाकत होत्या.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"गुडघा. घोडा बुजला होता ना, तेव्हापासून ठणकतो."

"कसला घोडा?"

"पांढरा. तिसऱ्या सिनेमातला."

बायको थट्टा करतेय असं वाटून सर हसले. घरी जाऊन त्यांनी आपली टिपणं चाळली. त्यात घोडा कुठंच नव्हता.

दुसऱ्या महिन्यात एडवर्ड थॉर्नली. त्यांच्या वतीनंही बाईच उठल्या. एकदा पायंडा पडला की पडला. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तुम्ही भाषणात चुकीचं सांगितलं. ती मालिका स्टुडिओत नाही झाली. खराखुरा तुरुंग होता. भिंतींना इतकी ओल, की अंगरखा पाठीला चिकटायचा."

खरं सांगायचं तर सरांना भीती वाटली नाही. आनंद झाला. जे त्यांनी जन्मभर बाहेरून पाहिलं, ते आतून पाहिलेलं माणूस आता त्यांच्याच चुलीपाशी बसलेलं होतं. ते वही घेऊन समोर बसत, विचारत, उतरवून घेत. दिवाळीपर्यंत पाच सत्कार झाले आणि दोन वह्या भरल्या. भाकऱ्या कधीपासून बंद झाल्या, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मग एका दुपारी लातूरहून लेकीचा फोन आला. बाईंनी तो उचलला, थोडा वेळ ऐकला आणि सरांपुढं धरला.

"कुणी दीपमाला आहे. तुमच्याकडं काम असेल तिचं."

सरांनी वही मिटली. लातूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, रक्त तपासलं, वयाचं आहे म्हणाले. वयानं माणूस विसरतो हे सरांनाही कळत होतं. पण न पाहिलेला तुरुंग त्याला आठवतो का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

त्याच आठवड्यात लंडनहून नोराबाईंच्या भाचीची मेल आली. सरांनी सत्काराचे फोटो पाठवले होते, त्याचे आभार होते. पुढं लिहिलं होतं: मावशीला आता आपली एकही भूमिका आठवत नाही. तुमचा समारंभ झाला त्या रविवारी पहाटे उठली ती तशीच. एक मात्र बरं झालं. तिचं गुडघ्याचं चाळीस वर्षांचं दुखणं त्याच दिवशी गेलं.

सर ती मेल किती वेळ वाचत बसले कोण जाणे. एका डोक्यात मावून मावून किती मावणार? पाच जण आत आले, तसं घरचं माणूस बाहेर सरकत गेलं. आणि दार त्यांनीच उघडून दिलं होतं. स्वतःची अशी शिसारी त्यांना जन्मात आली नव्हती.

उपाय एकच सुचला. पुढचा सत्कार महामायाबाईंचा. स्वतःची शाल स्वतः घेतली, तर जे स्वतःचं ते परत येईल.

त्या रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. चाकूरच्या विद्यार्थिनी आल्या होत्या, काही तर लेकरं कडेवर घेऊन. सर चौतीस वर्षांबद्दल बोलले. पावसाळ्यात शाळा गळायची तेव्हा बाई वर्ग देवळात भरवायच्या, हेही त्यांनी सांगितलं. पुढच्या रांगेत बसलेल्या बाई मन लावून ऐकत होत्या.

"सत्कारमूर्तींनी वर यावं," श्रीमंतराव म्हणाले.

टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या आणि कोण येतंय ते पाहायला दाराकडं मान वळवली.

"महामाया, ऊठ ना," सर म्हणाले.

"मी?" बाई अदबीनं हसल्या. "त्या आल्या नाहीत वाटतं."

टाळ्या विरल्या. व्यासपीठावर पाहुणे शाल उघडून तसेच उभे राहिले.

"सर, शाल अशी धरून ठिवता येत न्हाई," श्रीमंतराव हळूच म्हणाले. "बाईच्या वतीनं तुमीच घ्या."

"नको. गुंडाळून ठेवा ती."

"असं कसं? लोक बघायलेत."

तेवढ्यात मागून एक तरुण बाई उठली. कडेवर वर्षाचं लेकरू. "मी ऋतुजा, बाईंची विद्यार्थिनी," ती डोळे पुसत म्हणाली. "मी घेते बाईंच्या वतीनं."

ती पुढं यायला लागली. लोकांनी वाट करून दिली.

सर तिच्या आधी पोचले.

शाल खांद्यावर पडली. लोकरीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

मग खडूचा वास आला. हजेरीतली एकेचाळीस नावं, क्रमानं. बाळंतपणाची कळ, कमरेतून खाली उतरत गेलेली.

मग कंधारच्या माहेरघराची ओसरी. हातात चहाचा ट्रे. समोर बघायला आलेला एक किडकिडीत पोरगा; कान लाल झालेले, चहा बशीत सांडलेला. त्याला पाहून आतून हसू आलं, आणि त्याच क्षणी मनानं ठरवलं, हाच.

खाली लोक टाळ्या वाजवत होते.

त्या पोराचं नाव काय, ते मात्र सरांना किती केलं तरी आठवेना.