कड्यावरचं बी आणि दादाचा घोटा

"कड्यावरचा बांबू आयुष्यात एकदाच फुलेल आणि मरेल. तेव्हा बी आणा, मग रान पुन्हा उभं राहील." बाबांचे हे शब्द मी लहानपणी चुलीपुढे ऐकले होते. आणि यंदा आमच्या उधवा गावामागच्या डोंगरावर बांबू फुलला! उंदरांनी बी फस्त करायच्या आत वर पोहोचायचं होतं.

निघालो तिघं. माझा थोरला भाऊ धाकल्यादादा, त्याची बायको जमनावहिनी आणि मी, डहाणूत फिजिओथेरपी करणारी संगिता. दादा रोज ताड चढणारा, म्हणून कडा त्यानंच चढायचा हे ठरलेलं.

ओढा मागे पडला, करवंदीची जाळी मागे पडली, आणि कड्याच्या पायथ्याशी सुट्टा मुरूम लागला. दादाचा पाय वळला. कट्ट! तो खालीच बसला.

"मुरगळला जरा."

"पाऊल वर खेच. आता बाहेर वळव."

घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून कातडीखाली दोरीसारखं काही सर्रकन हाडावर चढलं नि परत मागे गेलं. मी तिथं बोट ठेवलं. "इथून दोन कंडरा जातात, स्नायूंच्या दोऱ्या. त्यांना हाडामागे धरून ठेवणारा पट्टा असतो, तो फाटलाय. कडा विसर."

"मग बी?"

"मी काय मेले?" वहिनीनं लुगडं खोचलं. "लग्नाआधी बापाचे ताड कोण चढायचं? तू?"

मी घोट्याला पट्टी बांधायला घेतली. ताड चढताना पायांत अडकवायच्या फासाचा वळ दिसला. मुरगळलेल्या उजव्या पायाला तो हाडावरच रुतलेला, खोल, जुना. मी त्यावरूनच पट्टी फिरवली.

वहिनी चढली. एक फट, एक मूळ, पुन्हा फट. दगड सुटला! ती लोंबकळली. बांबूचं बेट हाताशी आलं, तिनं धरलं, वर गेली. मग तिनं ते असं गदागदा हलवलं की आम्ही खाली पसरलेल्या चादरीवर बी झरझर बरसलं, सुगीच्या भातासारखं पिवळं, हलकं, गाणारं. दादा एका पायावर नाचायला निघाला. मी त्याला दटावून बसवलं.

परतताना त्याचा एक हात वहिनीच्या खांद्यावर, एक माझ्या. ओढ्यापाशी तो थांबून माझ्याकडे वळला.

"बाय, आजचं नाही हे. दोन वर्षं झाली. फास आवळून कंडरा दाबून धरायचो. तू ताड चढणं बंद करशील म्हणून बोललो नाही." त्यानं वहिनीच्या डोक्यावरच्या बियांच्या गाठोड्याकडे पाहिलं. "ऑपरेशन लागलं तर करू. खाली बसून बघायलाही मजा येते, ते आज कळलं."