बाईंच्या आवाजाखाली

टेप भाजायची असते हे ऐकून नवा माणूस आधी हसतो. पण चाळीस-पन्नास वर्षं कपाटात पडलेली टेप तशीच यंत्रावर चढवली, तर तिचा थर सुटून यंत्राला चिकटतो आणि गाणं कायमचं हातचं जातं. म्हणून आधी मंद आचेवर आठ तास, मग निवू द्यायची, मग एकदाच वाजवून संगणकात घ्यायची. रेकॉर्ड कंपनीच्या तळघरात ठकू हे काम बावीस वर्षं करत होती. वय पन्नास, निम्मे केस पांढरे, तरी नाव ठकूच. आईनं ठेवलेलं, मावशीनं गल्लीभर पसरवलेलं, आणि तळघरातल्या काकांनी कुठूनसं ऐकून पक्कं केलेलं.

काका म्हणजे जुने रेकॉर्डिस्ट. निवृत्त झाले तरी रोज येत. घरी आपलं कुणी ऐकत नाही, असं कारण ते स्वतःच सांगत. ठकूला काम त्यांनीच शिकवलं होतं आणि त्यांचा एक नियम होता. जुन्या गाण्यातली खरखर, खुर्चीची करकर, कुणाचा खोकला, हे सगळं काढलं की त्याची वेगळी फाइल होते. तिला ते ‘गाळ’ म्हणत. गाणं वर पाठवण्याआधी गाळ एकदा नीट ऐकायचाच. तांदूळ निवडताना खड्यांबरोबर चार दाणेही जातात, ते बघायला नकोत का?

यंदा काम होतं बाईंचं. बाई म्हटलं की पुढे नाव सांगावं लागत नाही, अशा त्या गायिका. एके काळी सकाळी रेडिओ लावा की बाई, दुपारी शेजारच्या खिडकीत बाई. आता ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांच्या नऊ गाजलेल्या गाण्यांचा संच सहा आठवड्यांत निघायचा होता, आणि ती नऊच्या नऊ गाणी बाईंच्या आधी ठकूच्या आईनं गायली होती.

हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आई डमी गायची. बाईंना दिवसात दोन-तीन रेकॉर्डिंगं असत, तालमीला वेळ कुठला? मग वाद्यमेळ्याबरोबर आधी डमी गाणारी गाऊन ठेवायची. बाई येऊन ते दोनदा ऐकायच्या, श्वास कुठे घ्यायचा ते बघायच्या, आणि त्याच टेपवर, तिच्याच आवाजावर, आपला आवाज भरायच्या. खालचा आवाज पुसला जायचा. आईनं हे चौदा वर्षं केलं, दोनशेच्या वर गाणी. तिचा स्वतःचा असा एक सूर कुठे शिल्लक नव्हता. “मी आधी जाऊन झाडून यायचे, मग बाई बसायच्या,” असं म्हणून ती हसायची.

अकरा महिन्यांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डाव्या हातानं पाटीवर वाकडं लिहायची. ठकू घरी आली की पाटीवर रोज तोच एक शब्द, ‘जेवलीस?’ वाचा येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं एकदा, फक्त एकदा तोंडानं हाक मारावी, एवढंच ठकूला हवं होतं. त्यासाठी तिनं काय वाटेल ते दिलं असतं, आणि माणसानं असं मनातसुद्धा म्हणू नये.

डबे ज्या क्रमानं कपाटातून निघाले, तो क्रम उलटा होता. सगळ्यात नवं गाणं पहिलं. ठकूनं ते साफ केलं आणि गाळ ऐकायला कानावर हेडफोन चढवला. दुसऱ्या ओळीला तिचा हात थांबला. खरखरीच्या तळाशी कुणीतरी तेच गाणं गात होतं, बाईंच्या किंचित आधी. आवाज बाईंपेक्षा बारीक, साधा. आपल्या आईचा आवाज ओळखायला कुणाला दोन ओळी लागत नाहीत.

नीट पुसलं गेलं नसेल, तिनं स्वतःला समजावलं. असं होतं कधीकधी. शेवटचं कडवं संपलं, वाद्यं थांबली, आणि तो आवाज म्हणाला, “ठकूची शाळा सुटेल हो. मी निघू का?”

तिनं काकांना बोलावलं. फाइल पुन्हा लावली. काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “नुसती खरखर आहे. ठकूबाई, जेवून घ्या.” तिनं परत ऐकलं. खरंच, नुसती खरखर होती.

संध्याकाळी दार मावशीनं उघडलं. मावशी आईची धाकटी बहीण, त्यांच्याकडेच राहायची. तिचं तोंड दिवसभर चालू असायचं. आज ती काही न बोलता बाजूला झाली. आतून कुणीतरी म्हणालं, “ठकू?”

ठकू चपला घालूनच आत धावली. आईच्या गळ्याला मिठी मारून पोट भरून रडली. डॉक्टर फोनवर म्हणाले की असं होतं, नशीबवान आहात. त्या रात्री घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही, आनंदच इतका होता.

दुसऱ्या टेपच्या गाळात आवाज म्हणाला, “घोटभर पाणी मिळेल का?” त्याच संध्याकाळी आईनं पाणी मागितलं, याच शब्दांत. तिसऱ्या टेपनंतर ती पूर्ण वाक्यं बोलायला लागली. गाळ एकदा ऐकला की तिथला आवाज संपायचा आणि घरी आईच्या तोंडी यायचा. ठकू काही भाबडी नव्हती. तिनं चौथी टेप साफ करून चार दिवस गाळ ऐकलाच नाही. त्या चार दिवसांत आईच्या बोलण्यात काही नवी भर पडली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ऐकला, आणि दुपारी मावशीचा फोन, “ताई गातेय गं.”

का होतंय ते तिला कळेना. आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं.

पण एक गोष्ट आधी मावशीच्या ध्यानात आली. पाचव्या टेपनंतर ती स्वयंपाकघरात ठकूला म्हणाली, “ताई मला आज विचारत होती, परीक्षेचा निकाल कधी आहे म्हणून. मी कॉलेज सोडून किती वर्षं झाली?”

“गोंधळते गं अधूनमधून.”

“गोंधळते? मग पाटी दे तिच्या हातात.”

ठकूनं पाटी दिली. आईनं ती उलटसुलट करून पाहिली, हसली, आणि बाजूला ठेवली. पाटीवर आदल्या आठवड्यातलं ‘जेवलीस?’ अजून होतं. ते कुणी लिहिलंय याचं तिला काहीच वाटलं नाही.

मावशीनं आवाज खाली आणला. “ती बोलतेय, पण आपल्याशी नाही बोलत. पाटीवर होती ना, ती आपली ताई होती. हे जे काय चालवलंयस ते थांबव. तेलही जाईल आणि तूपही जाईल.”

ठकूला हे पटलं नाही असं नाही. पण आवाजाची चटक वाईट. अकरा महिने मुक्या घरात काढलेल्या माणसाला आणखी चार शब्द सोडायला कुणी सांगू नये. तिनं सहावी ऐकली, सातवी ऐकली. सातव्या डब्यावरची तारीख ठकू तीन वर्षांची असतानाची होती. त्या संध्याकाळी आईनं तिला जवळ ओढलं, नाकावरून रुमाल फिरवला आणि म्हणाली, “ठकू, शहाणी ना तू? मग रडायचं नाही.” पन्नास वर्षांच्या बाईचं नाक आईनं पुसलं. ठकू तशीच बसून राहिली, आणि आईचा उजवा हात सहज उचलला गेला होता, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आठवा डबा उलटा करून तारीख वाचली. तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. नववी त्याहून तीन वर्षं मागची, बाईंचं पहिलं गाजलेलं गाणं. तेव्हा आई बावीस वर्षांची होती.

दोन्ही गाणी साफ करून तयार होती, फक्त गाळ ऐकायचा राहिला होता. तिनं दोन्ही फाइली तशाच सोडल्या, यंत्र बंद केलं आणि आठवड्याची रजा टाकली. काकांना काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आई आहे तशी पुरे, तिनं ठरवलं. मला तीन वर्षांची समजते ना, समजू दे. मी आहे हे तरी तिला ठाऊक आहे.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी दुपारी आई खिडकीशी बसून ठकूचे केस विंचरत होती. “गुंता किती करून आणतेस,” असं पुटपुटत होती. मावशी दारात मटार सोलत होती. फोन वाजला.

“ठकूबाई, काळजी सोडा,” काका म्हणाले. “मुदत आज संपते ना? म्हटलं मुलीचं काम अडायला नको. तुमचे दोन गाळ राहिले होते, ते ऐकून घेतो आणि वर पाठवतो.”

“काका, नको. ऐकू नका.”

“अहो, आठवा झाला पण. आणि तुमची माफी मागायला हवी. खरंच कुणीतरी गातंय खाली.”

केसांतली फणी थांबली होती.

“आता नववा लावलाय. कोवळा आवाज आहे हो. थांबा, तुम्हालाही ऐकवतो.”

“काका, बंद करा. पाया पडते, बंद करा.”

“संपतच आलंय.”

फोनमधून खरखर आली. खरखरीत एक मुलगी गात होती. मग ती थांबली आणि घाबऱ्या आवाजात कुणाला तरी म्हणाली, “बाईंना आवडलं नाही तर मला परत बोलावणार नाहीत ना?”

“पहिलंच रेकॉर्डिंग असणार बिचारीचं,” काका म्हणाले.

ठकूनं फोन खाली ठेवला. मागे वळून बघायचा तिला धीर होईना. मटारची शेंग मावशीच्या हातात तशीच होती. मावशी आईकडे बघत होती.

केसांतून फणी हळूच निघाली. कुणीतरी ती काळजीपूर्वक ठकूच्या शेजारी ठेवली, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी.

“माफ करा हं,” आई म्हणाली. आवाज स्वच्छ होता. कुठे कंप नाही, कुठे वय नाही. “तुम्ही कोण? मला इथे कुणी आणलं?”

ठकू वळली. “आई, मी. मी ठकू.”

आईनं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग जरा लाजून हसली. “तुमची काहीतरी चूक होतेय. माझं अजून लग्न व्हायचंय.”

“ताई,” मावशी म्हणाली. आईनं तिलाही मान लववून नमस्कार केला. अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला करतात तसा.

ठकूला रडू आवरेना. तिनं आईचा हात धरला. तो हात तिनं ओढून घेतला नाही, नुसता राहू दिला. मुलगी स्वभावानं चांगली होती.

“रडू नका ना,” ती म्हणाली. “तुमच्या आईला बोलावू का? जवळच असेल ना ती?”

आणि अकरा महिन्यांत आधाराशिवाय एक पाऊल न टाकलेली ती बाई झटकन उठली, दार उघडून जिन्यावर गेली, खाली वाकून पाहिलं आणि परत आली.

“नाही हो,” ती म्हणाली. “बाहेर कुणीच नाही.”