टाकीतल्या साडेतीन बादल्या

रिकामी टाकी हवेनं भरताना दाबमापकाचा काटा शून्यावरून आठवर जायला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत चार मिनिटं लागली होती. आज दोन मिनिटं दहा सेकंद लागली. दिपालीनं पुन्हा मोजलं. तेवढीच.

"माही मोटार जवान होऊन राहिली," गुणवंताकाका हसले. लोधीखेड्याच्या रस्त्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं.

"मोटार तीच आहे, काका. टाकी लहान झाली."

"लोखंड आटते काय, पोरी?"

तिच्या वर्गातल्या गौतमनं बिनसुईची सिरिंज काढली, तोंडावर बोट दाबलं आणि दट्ट्या निम्म्यावर ढकलला. "जागा निम्मी, तर दाब दुप्पट. तुमच्या टाकीत निम्मीच हवा जाते, तरी काटा आठवर. म्हणजे उरलेल्या जागेत दुसरं काही बसलं आहे."

"पाणी," दिपाली म्हणाली. "दमट हवेतलं. पाणी काढायची खालची चावी कधी उघडली होती?"

काकांनी वाकून पाहिलं. चावी गंजून घट्ट बसली होती.

"पाण्यानं पत्रा आतून खाल्ला असंल," गौतम म्हणाला. "फुटली तर? माही आई तिथंच बसते."

टाकीला पाठ लावून त्याची आई, सुनंदाबाई, संत्री निवडत होत्या.

"तीन ट्रक उभे आहेत," काका म्हणाले. " बाजूला व्हा, पोट्टेहो."

दिपालीनं मोटारीचं बटण बंद केलं आणि त्याच्यापुढे उभी राहिली. "नाही होत. टाकी साडेसात बादल्यांची, वेळ जवळजवळ निम्मा झाला; म्हणजे आत साडेतीन बादल्या पाणी आहे. कमी निघालं तर सुट्टीभर पंक्चर काढीन. तेवढं निघालं तर तुम्ही आमचं ऐकायचं."

"लावा शर्त, भाऊ," एक ड्रायव्हर हसला.

आधी नळीतून सगळी हवा सोडली. काटा शून्यावर आल्यावर काकांनी पान्यानं चावी ढिली केली. लालसर पाणी आलं. एक बादली, दोन, तीन. चौथी काकांच्या बायकोनं, अर्चनाकाकूंनी धरली. ती निम्म्यावर आली आणि धार तुटली. तळाशी नखाएवढे गंजाचे पापुद्रे होते.

ड्रायव्हर आता हसत नव्हता.

"पोळ्यापासून सांगून राहिली, टाकी बदला," काकू म्हणाल्या. "तुमचं आपलं, पाहू."

काकांनी टाकीच्या पोटावर पेचकस दाबला. तो सरळ आत गेला. त्यांनी पेचकस बाहेर काढला. मग त्यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवला. "मी वर्षभर काटा पाहिला. तुम्ही घड्याळ पाहिलं."

ते ट्रकवाल्यांकडे वळले.

"आज हवा मिळणार नाही. ही टाकी भंगारात जाते. नवी आणल्यावरच दुकान उघडीन."